वाळू टाकायची कुठं

अण्णासो कांबळेकडं गुंठाभर रान नव्हतं, पण शिरोली एमआयडीसीच्या आसपास त्याच्याइतकी जमीन कुणी उंच केली नसेल. फौंड्रीतली वापरून झालेली काळी वाळू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायची आणि कुठंतरी नेऊन ओतायची, हे त्याचं काम. मालक गणपतराव एवढंच सांगायचे, गेटाबाहेर ढीग दिसता कामा नये. बाकी कुठं टाकायची ते अण्णासोनं बघायचं.

आणि तो बघायचा. कुणाच्या घराचा पाया भरायचाय, कुणाच्या गोठ्यात चिखल होतो, कुणाच्या दारात पाणी साचतं, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं. मुरूम विकत आणावा लागे, काळी वाळू फुकट. त्याचा ट्रॅक्टर रस्त्यानं निघाला की बायका हातातलं काम टाकून पुढं यायच्या, एक ट्रॉली आमच्या दारात सोड की म्हणायच्या. तो मान जरा वाकडी करून विचार केल्यासारखं करायचा. दुसऱ्याला हो किंवा नाही म्हणायची संधी त्याला आयुष्यात या एकाच बाबतीत मिळाली होती, आणि तो होच म्हणायचा. ज्या घरांतून त्याच्या बापाला दारातल्या कानतुटक्या कपात चहा मिळे, त्याच घरांत त्याला वाळूपायी खुर्ची मिळत होती.

ट्रॅक्टरवर बसण्याआधी त्यानं बरीच वर्षं मोल्डिंगला काढली होती. भट्टीत लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, गार झालं की साचा फोडायचा. त्याच वाळूत माती आणि कोळशाची पूड मिसळून, भिजवून पुन्हा नवा साचा. पार जळून गेली की मगच ती बाहेर जाई. ओली वाळू मुठीत दाबून बघायची, ही मोल्डिंगवाल्यांची सवय. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे तसेच राहिले तर वाळू चांगली. अण्णासोची ती सवय ट्रॅक्टरवर गेल्यावरही सुटली नाही. ट्रॉली ओतण्याआधी एकदा मूठ दाबणारच.

त्याची वस्ती कारखान्यांच्या भिंती संपून ऊस सुरू होतो तिथं, खोलगटात. वस्तीच्या मधोमध विहीर. छप्पन साली वस्तीनं धम्म स्वीकारला आणि गावच्या विहिरीखाली घागर घेऊन, वरून कुणी पाणी ओतील म्हणून वाट बघत बसायचं कायमचं बंद केलं. बंद केलं म्हणजे काय, तर पुढच्या उन्हाळ्यात स्वतःची विहीर खणली. त्याच वर्षी अण्णासोची आई यल्लव्वा संकेश्वराकडून लग्न होऊन आली होती. अंगावरची हळद उतरली नव्हती तोवर तिच्या डोक्यावर मातीची पाटी आली. पुढं कुणीतरी तिला नाव बदलायला सांगितलं, आता देवीचं नाव कशाला म्हणून. ती म्हणाली होती, आईबानं ठेवलेलं नाव हाय, ते राहू दे. पाणी आपलं झालं, तेवढं मला पुरं.

दर चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी, वस्तीचा एक रिवाज होता. विहीर खणलेल्यांपैकी जे हयात असेल त्यानं पहिली घागर शेंदायची, विहारात मूर्ती आणि तसबिरीपुढं ठेवायची, आणि मग त्या घागरीतलं ओंजळ-ओंजळ पाणी विहिरीच्या काठावर उभं राहून सगळ्यांनी प्यायचं. पाव्हणारावळा असला तर त्यानंही. हळूहळू खणणारी माणसं गेली आणि घागर यल्लव्वाकडं आली.

नव्वद सालापर्यंत गणपतरावांच्या फौंड्रीत ऑइल इंजिनचे आणि उसाच्या चरकाचे भाग ओतले जात. मग देशाची दारं उघडली आणि जर्मनी-अमेरिकेची गिऱ्हाइकं यायला लागली. गणपतराव कौतुकानं सांगायचे की तिकडं आता फौंड्र्या बंद होत चालल्यात. धुराचे कायदे कडक, टाकाऊ वाळूचे त्याहून कडक, आणि घराजवळ भट्टी कुणाला नको. मोटारी मात्र पहिल्यापेक्षा जास्त लागतात. म्हणून भाग इकडून.

त्या भागांना तकाकी हवी असे. माती-कोळशाच्या वाळूनं ती येईना, तेव्हा पिंपांतून रसायन आलं. रेझिन म्हणत त्याला. वाळूत मिसळलं की साचा दगडासारखा घट्ट व्हायचा. अण्णासोची बायको शेवंता साच्याच्या आतले गाभे बनवायच्या खात्यात होती. संध्याकाळी तिचे डोळे कांदा पिळल्यासारखे लाल असत. अण्णासोनं ही नवी वाळू पहिल्यांदा मुठीत दाबली तेव्हा ती बोटांतून गळून गेली. ठसा राहिला नाही, हाताला दवाखान्यासारखा वास तेवढा राहिला. रात्री भाकरीलाही तो वास आला. त्याला जरा नवल वाटलं, एवढंच. वाळू काळीच होती, फुकटच होती, आणि मागणारे तेच होते.

अठ्ठ्याण्णव साली गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला येणार म्हणून निरोप आला. भिंतींना चुना लागला, कामगारांना नवे हातमोजे मिळाले, आणि मागच्या अंगाला साठलेला वाळूचा डोंगर लगोलग हलवायचं फर्मान निघालं. एवढी वाळू एकाच वेळी कुठं न्यायची? अण्णासोला तेव्हा विहार आठवला. खोलगटातलं विहार दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात असायचं. नवं बांधायचं तर पाया माणसाच्या छातीएवढा उंच पाहिजे, आणि तेवढा मुरूम घ्यायची वस्तीची ऐपत नव्हती. तो खेपांवर खेपा करत राहिला. विहाराचा पाया भरला, पुढचं अंगण भरलं, विहिरीच्या काठापर्यंत सगळं सपाट आणि उंच झालं. वस्तीनं त्याला हार घातला. यल्लव्वा काठाशी बसून लेकाकडं बघत होती. बापानं विहीर खणली, लेकानं विहार वर उचललं, असं त्या दिवशी जो तो म्हणत होता.

पाव्हण्यांत एक उंच, पांढऱ्या केसांची बाई होती. ती चांगली होती, असं अण्णासो पुढंही म्हणत राहिला. तिनं कामगारांना तोंडाला फडकी का नाहीत म्हणून विचारलं. टाकाऊ वाळू कुठं जाते, तेही विचारलं. मॅनेजरनं तिला सरळ वस्तीवरच आणलं आणि नव्या पायाकडं हात करून, आम्ही गरिबांच्या बांधकामाला देतो, असं सांगितलं. बाईला आनंद झाला. तिनं फोटो काढले. दारी आलेल्याला कोरडं कसं पाठवायचं म्हणून यल्लव्वानं विहिरीचं ताजं पाणी शेंदून तांब्या पुढं केला. बाईनं हसून हात जोडले, पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि त्यातलं पाणी प्यायली.

गाडी गेल्यावर यल्लव्वा हातातल्या तांब्याकडं बघत म्हणाली, "ह्यांच्यातबी हाय व्हय तसलं?"

वस्ती पोट धरधरून हसली. तिला समजावलं की गोऱ्या लोकांना आपलं पाणी सोसत नाही. तिनं मान डोलावली, पण तांब्यातलं पाणी तिनंच उभ्याउभ्या पिऊन टाकलं.

पुढची काही वर्षं बरी गेली. काही दिसलंच नाही, असं म्हणायला हवं. वाळूवर शहाबादी फरशी बसली, पोरांची लग्नं तिथं लागली. अण्णासोची मुलगी दीक्षा कोल्हापुरात बीएस्सीला रसायनशास्त्र घेऊन शिकायला लागली.

मग पाच सालचा पूर आला. पंचगंगा हायवेवर चढली, एमआयडीसीच्या पाठीमागचं सगळं पाण्याखाली गेलं. वस्ती शाळेत राहायला गेली. विहार मात्र अण्णासोच्या पायावर उभं राहिलं, आतली मूर्ती भिजली नाही. पण पायातल्या आणि अंगणातल्या वाळूत ते पाणी किती दिवस मुरत राहिलं आणि मुरून कुठं गेलं, याचा विचार कोण करतंय? पूर ओसरला. विहीर उपसली, पावडर टाकली, पुन्हा भरली.

पहिल्यांदा कळलं ते चुलीपाशी. चहावर रंगीत तवंग दिसायला लागला. भाताला औषधाचा वास येऊ लागला. दूध नासेना, पण पोरं तोंडाला लावेनात. शेवंतानं एकदा घागरीत तोंड घालून वास घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, आमच्या खात्यात येतोय तोच वास हाय ह्यो. लहान पोरांच्या अंगावर चट्टे उठले, म्हाताऱ्यांना उलट्या सुरू झाल्या. दीक्षानं बाटली भरून कॉलेजात नेली, तिच्या बाईंनी ती पुढं तपासायला पाठवली. पाण्यात फिनॉल निघालं, त्या रेझिनमध्ये असतं तेच. पिऊ नका, असं सांगून आलं.

त्या संध्याकाळी सगळे घरात बसले होते. मग अण्णासोनंच पोरीला विचारलं, तिकडं त्या गोऱ्या बाईच्या देशात ही वाळू काय करतात?

"उघड्यावर टाकू देत न्हाईत, पप्पा. खाली जाड प्लॅस्टिक घालून पुरायला लागतीय, न्हायतर धुऊन परत वापरायची. ते परवडंना म्हणून तर त्यांनी फौंड्रीच हिकडं पाठवली," दीक्षा म्हणाली. आणि मग, वर्गात ऐकलेलं सगळं एकदम आठवल्यासारखी ती सांगत सुटली. धूर कमी करायचा जगाचा करार झाला होता, त्यातून सगळ्यांत दांडग्या देशानंच अंग काढून घेतलं. आता तेच लोक म्हणतात की धूर भारत आणि चीन करतात.

"आन् धूर कुणाच्या गाडीपायी हुतोय?" अण्णासोनं विचारलं.

यल्लव्वा कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "ती बाई शाणी निघाली की रं."

पंचायतीनं वस्तीला गावच्या नळावर पाणी भरायची सोय करून दिली. सोय म्हणजे गावच्या बायकांचं झालं की मग. कुणी स्पष्ट बोलत नव्हतं. पण घागर जरा लांब सरकवणं, नळ धुऊन घेणं, "तुमची तर सोताची हिर हाय की" असा टोमणा, हे सगळं अर्ध्या शतकामागं जिथं सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं. शेवंता घागर भरून यायची ती ओठ घट्ट मिटून. यल्लव्वानं मात्र त्या पाण्याला हात लावला नाही. आमी त्या रांगेतनं उठून आलोय, परत बसायचं न्हाय, असं तिनं जाहीर केलं आणि ती लपूनछपून विहिरीचंच पाणी पीत राहिली. तिचं पोट बिघडलं, तोंडाची चव गेली, हातापायांच्या काड्या झाल्या. डॉक्टरनं पाणी बदलायला सांगितलं, तेव्हा तिनं डॉक्टरलाच विचारलं, तुम्ही कुठलं पिताय?

म्हातारी अशी आपल्याच विहिरीनं मरते की काय, हे भय अण्णासोच्या मनात बसलं. तिला समजावून काही होणार नव्हतं. विहीरच नीट करायला हवी होती. वस्तीतलं कुणी त्याला उघड दोष देत नव्हतं. वाळू सगळ्यांनी मागितली होती, हार सगळ्यांनी घातला होता. पण आता त्याला कुणी ट्रॉलीही मागत नव्हतं, आणि ओट्यावर खुर्चीही टाकत नव्हतं.

सहा सालच्या फाल्गुनात त्यानं एकट्यानंच अंगणातली फरशी उखडायला घेतली. जयंतीपर्यंत काठाजवळची वाळू काढायची आणि विहीर तळापर्यंत उपसायची, असं त्याच्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी चार माणसं आली, मग सगळी वस्ती आली. बायका पाट्या उचलायला लागल्या. यल्लव्वा काठीच्या आधारानं उभी राहून, पाटी कशी धरायची ते सुनांना दाखवत होती. काळी वाळू वर आली तेव्हा तिचा वास आठ वर्षांनीही तसाच होता. विहाराच्या कडेला मोठा ढीग झाला, आणि तेव्हा कुठं अण्णासोला कळलं की खरं काम पुढंच आहे. ही वाळू टाकायची कुठं?

तो गणपतरावांकडं गेला. मालकांनी त्याला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. त्यांच्या जुन्या इंजिनच्या काळापासूनचा माणूस तो. वाळू धुऊन परत वापरायचं मशीन का घेत नाही, असं त्यानं विचारलं, तेव्हा गणपतराव थकल्यासारखं हसले.

"आण्णासो, दरसाल ते मला भाव पाडून मागत्यात, आन् दरसाल नवा कायदा दाखवत्यात. कायदा त्यांचा, खर्च माझा. मी न्हाय म्हणालो तर उद्या दुसऱ्या देशात जात्यात. मग तुमी समदी घरात बसा."

अण्णासोनं त्या ढिगाचं तरी काहीतरी करा म्हणून विनवलं. मालकांनी, आधी इथलाच ढीग हलव, मग बघू, असं सांगितलं.

मग एका रविवारी त्यानं वस्तीवरची वाळू ट्रॉलीत भरली आणि मालकाला न विचारता ट्रॅक्टर बाहेर काढला. आजवर तो जागा शोधायचा ती कुणाच्या दारात पाणी साचतं ते बघून. त्या दिवशी तो पहिल्यांदा, जिथं पाणीच नाही अशी जागा शोधत होता. माळावरच्या जुन्या खाणीपाशी गेला, तर खाणीत डबकं आणि डबक्यावर धनगरांची मेंढरं. ओढ्याच्या कडेला तर प्रश्नच नव्हता. एका पडीक रानात थांबला, पण बांधाच्या पलीकडं बोअरची पाइप दिसली. जिथं जावं तिथं कुणाची तरी घागर होतीच. आणि हे सगळं आधीही होतं. त्यानं बघितलं नव्हतं, इतकंच. ज्या दारांत त्यानं वाळू सोडली होती ती दारं वाटेत लागत होती. तो मान वर करत नव्हता.

ऊन चढलं तेव्हा तो नदीच्या बाजूला आलेल्या नव्या झोपड्यांपाशी पोचला. वीटभट्टीवर कामाला येणारी माणसं तिथं राहत होती. ट्रॅक्टर बघून एक बाई धावतच पुढं आली. धोंडुबाई तिचं नाव. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पावणं, टाका की हितं. पावसात आमी खाटंवर चूल मांडतो. लई दिस झालं, वाळूवाल्याची वाट बघतोय."

तिच्यामागं पाच-सहा बायका, दोघे-तिघे म्हातारे. सगळे हसतमुख, अगदी अण्णासोला सवय होती तसे. एकीनं बसायला डबा पालथा घालून ठेवला. झोपड्यांच्या मधोमध हातपंप होता आणि त्याच्या खाली ओल्या सिमेंटवर घागरी मांडलेल्या होत्या.

ट्रॉली ओतायला एक दांडा ओढायचा होता. ओढला असता तर वस्तीचं काम झालं असतं. आठवड्याभरात सगळा ढीग इथं आला असता, विहीर उपसून झाली असती, जयंतीला आईनं घागर शेंदली असती. ह्या बायकांनीही त्याला दुवाच दिला असता, निदान पुढच्या पुरापर्यंत. अण्णासो दांड्यावर हात ठेवून तसाच बसला.

"ही वाळू चांगली न्हाय, मावशी," तो शेवटी म्हणाला. "पाणी नासतंय हिच्यानं. आमची हिर नासली."

धोंडुबाईला ते पटलं नाही. दुसऱ्या कुणाला द्यायचं कबूल केलं असेल, तर तसं सांगा की पावणं, असं ती म्हणाली. तो वळून निघाला तेव्हा मागून कुणीतरी शिवी हासडलेली त्यानं ऐकली.

तो सरळ फौंड्रीवर आला. रविवार असल्यानं गेटावर वॉचमनच होता. अण्णासोनं ट्रॉली आत घेतली आणि गणपतरावांच्या केबिनपुढच्या बागेशेजारी, पाव्हण्यांच्या गाड्या लागतात तिथं, ओतली. सोमवारी मालक आले. ओरडतील असं त्याला वाटलं होतं, पण ते ओरडले नाहीत. ढिगाकडं बघत कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "बरं, टाकलीस. आता तूच सांग, मी कुठं टाकू?"

ट्रॅक्टरची चावी त्यांच्या हातात देऊन अण्णासो चालत घरी आला. त्याला परत बोलावणं आलं नाही. शेवंताचं काम मालकांनी चालू ठेवलं, हा त्यांचा चांगुलपणा म्हणायचा.

विहाराकडेचा ढीग ताडपत्री घालून तिथंच राहिला. विहीर उपसली, दोनदा उपसली. पाणी आलं ते वासासकट आलं.

चौदा एप्रिलच्या सकाळी निळे झेंडे लागले, पांढऱ्या साड्या नेसून बायका आल्या. यल्लव्वाला दोघींनी धरून काठाशी आणलं. दोराला अण्णासोनं हात लावला, पण घागर तिनंच शेंदली, असंच म्हणायला हवं. विहारात वंदना झाली आणि घागर बाहेर आली. सगळे काठावर उभे राहिले. पोरांना आयांनी मागं धरून ठेवलं होतं. कुणीच ओंजळ पुढं केली नाही.

यल्लव्वानं सगळ्यांची तोंडं एकदा बघून घेतली. मग दीक्षानं आज्जीच्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली. म्हातारीनं आपलीही ओंजळ भरली नाही. दीक्षाच्या आधारानं घागर कमरेवर घेऊन ती आधी फुलांच्या वाफ्याकडं वळली, थांबली. मग पिंपळाच्या रोपाकडं वळली, थांबली.

"आण्ण्या," ती म्हणाली, "हे ओतू कुठं?"

शेवटी तिनं ते परत विहिरीतच ओतलं. त्या दिवसापासून ती नळाचं पाणी प्यायला लागली. पावसाळा संपायच्या आत ती गेली.

दिवाळीनंतर अण्णासोला नदीकडच्या वीटभट्टीवर काम मिळालं. वाटेत त्याच झोपड्या लागल्या. धोंडुबाईच्या झोपडीखाली आता उंच, सपाट, काळा पाया होता. केबिनपुढं अण्णासोनं ओतलेला ढीग कुणीतरी दुसरा ट्रॅक्टरवाला इथं सोडून गेला होता. अण्णासोनं खाली वाकून मूठभर उचलली आणि दाबली. बोटांतून गळून गेली.

धोंडुबाईनं त्याला ओळखलं. रागही धरला नव्हता तिनं. तुम्ही नाही दिली तरी मिळाली बघा, म्हणाली आणि ओट्यावर पोतं टाकून चहा ठेवला. त्यानं तिला पुन्हा सगळं सांगितलं. विहीर, पोरांचे चट्टे, आई. ती ऐकत होती, पण मध्येच पायावरून कौतुकानं हात फिरवत होती.

"आन् काढली तर बसू कुठं, पावणं?" तिनं विचारलं. "पाऊस यायचा ऱ्हातोय व्हय?"

कप हातात आला. अण्णासोनं तो तोंडाला लावायच्या आधी नाकाशी नेला. चहाला अजून वास नव्हता.